हिरवळीतला ठिपका : टिफग्रीनमधून टिफड्वार्फ कसे निघाले

गोल्फच्या मैदानात भोकाभोवतीची जी जागा अगदी बारीक कातरलेली असते तिला ग्रीन म्हणतात. चेंडू तिथे उडवायचा नसतो, घरंगळत न्यायचा असतो. त्यामुळे गवताचे एक पातेही वेडेवाकडे आले तर खेळाडूच्या लगेच लक्षात येते. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दोन ठिकाणच्या ग्रीनमध्ये वेगळेच ठिपके दिसू लागले. एक ठिकाण दक्षिण कॅरोलायनातले फ्लॉरेन्स, दुसरे जॉर्जियाच्या किनाऱ्यावरचे सी आयलंड. दोन्हीकडे टिफग्रीन नावाचे एकच वाण लावलेले होते. ठिपक्यातले गवत आजूबाजूच्या गवतापेक्षा गडद हिरवे होते, बुटके होते, पाती आखूड होती आणि थंडी पडली की त्यावर जांभळट झाक चढायची. अमेरिकन गोल्फ संघटनेच्या हिरवळ विभागात काम करणारे जेम्स मॉन्क्रीफ यांच्या नजरेत ते ठिपके भरले.

माझी निम्मी नोकरी बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये भेसळ काढण्यात गेली. वेगळे दिसले की उपट, बांधावर टाक, पुढच्या ओळीत जा. हात इतका सरावतो की डोळा विचार करायच्या आत झाड उपटलेले असते. म्हणून हे प्रकरण मला फार जवळचे वाटते. फ्लॉरेन्सचा तो ठिपका कुणी उपटून फेकला असता तर त्याला कुणी नावे ठेवली नसती. काम चोखच ठरले असते. पण तो जॉर्जियातल्या टिफ्टनच्या संशोधन केंद्रावर पोचला, आणि 1965 मध्ये टिफड्वार्फ नावाचे वाण म्हणून बाहेर आला. पुढची तीस वर्षे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या, आणि नंतर इतर उष्ण देशांतल्याही ग्रीनवर तेच गवत पसरले.

गवत आपलेच

हे गवत म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा आणि शेतकरी जिच्या नावाने बोटे मोडतो ती हरळी, दोन्ही एकच. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. कुळवणीनंतर ज्याने हरळीच्या काशा वेचल्या आहेत त्याला तिचा जीव किती चिवट आहे हे सांगायला नको. पांढरी, कडक, पेरापेराची काशी. एक पेर मातीत राहिले तरी त्याचा डोळा फुटतो. जमिनीवरून धावणारे खोडही तसेच, प्रत्येक पेराला मुळे आणि प्रत्येक पेराला नवा फुटवा.

जॉर्जियाच्या कापूस शेतकऱ्यालाही हे गवत असेच नकोसे होते. टिफ्टन हे त्याच जॉर्जियातले छोटे गाव. तिथल्या संशोधन केंद्रावर 1936 मध्ये ग्लेन बर्टन नावाचा तरुण पैदासकार आला. केंद्राजवळच्या कापसाच्या रानात 1929 मध्ये हरळीचा एक जोमदार वेल सापडलेला होता. दक्षिण आफ्रिकेतून आणलेल्या हरळीशी त्याचा संकर करून, हजारो रोपांतून निवडून, बर्टन यांनी 1943 मध्ये कोस्टल नावाचे चाऱ्याचे वाण दिले. ज्या गवताला शेतकरी शिव्या देत होता तेच तो आता लाखो एकरांवर मुद्दाम लावू लागला.

चाऱ्यासाठी काय निवडायचे ते उघड आहे : उंच वाढणारे, लांब पेरांचे, भरपूर पाल्याचे. हिरवळीसाठी नेमके उलटे. पेर आखूड हवे, पाते अरुंद हवे, वाढ कमी हवी, फुलोरा नको. एकाच माणसाने एकाच गवतातून दोन विरुद्ध टोकांना निवड केली. बियाण्याच्या पोत्यावर ‘उत्तम वाण’ असे छापलेले वाचतो तेव्हा मला बर्टन यांची ही दोन वाणे आठवतात. उत्तम कशासाठी, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही.

सत्तावीस गुणसूत्रे

हिरवळीच्या कामासाठी बर्टन यांना गोल्फ संघटनेकडून 1946 मध्ये थोडे पैसे मिळाले आणि काम सुरू झाले. त्यांनी आपल्या हरळीचा संकर दक्षिण आफ्रिकेतल्याच सायनोडॉन ट्रान्सव्हालेन्सिस या नाजूक, बारीक पातीच्या हरळीशी केला. टिफग्रीनचा एक पालक हा, आणि दुसरा उत्तर कॅरोलायनातल्या शार्लट कंट्री क्लबच्या चौथ्या ग्रीनवर सापडलेले बारीक पातीचे हरळीचे झाड. वाण 1956 मध्ये प्रसारित झाले.

आता गुणसूत्रांचा हिशेब बघा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. या वंशात गुणसूत्रांचा एक संच 9 चा. साध्या हरळीत असे चार संच, म्हणजे 36. ट्रान्सव्हालच्या हरळीत दोन संच, म्हणजे 18. संकरात एकीकडून 18 आले, दुसरीकडून 9 आली. एकूण 27, तीन संच. अशा झाडाला त्रिगुणित म्हणतात. पेशी वाढताना फुटते तेव्हा तीन संचांची काही अडचण नसते, प्रत्येक गुणसूत्राची नक्कल होते आणि काम भागते. पण परागकण किंवा बीजांड बनवताना गुणसूत्रांना जोड्या लावाव्या लागतात. तिसऱ्याची जोडी कुणाशी लावणार? वाटणी विस्कटते आणि बी धरत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा दोष, ग्रीनवर तो मोठा गुण. बी पडून मधेच वेगळ्या रक्ताचे रोप उगवायची भीती नाही. परागकण उडत नाहीत, त्यामुळे ज्यांना त्यांचा त्रास होतो त्यांचीही सुटका. लागवड फक्त बेण्यापासून. उसाची कांडी लावतो तशी पेरे तोडून पसरायची आणि माती दाबायची. एका झाडाचे शंभर एकर होते आणि त्या शंभर एकरांत झाड एकच असते.

निदान कागदावर तरी एकच.

मोवरची निवड

एक ग्रीन साधारण 500 चौरस मीटरचे धरा. हाताच्या पंजाखाली शेकडो फुटवे मावतात इतके दाट गवत. सगळ्या ग्रीनवरचे फुटवे मोजायला गेलो तर आकडा कोटीच्या घरात जातो. प्रत्येक फुटव्याच्या टोकाला वाढीचा कोंभ आहे आणि त्यात पेशी सतत फुटत आहेत. पेशी फुटताना नकलेत क्वचित चूक होते. बहुतेक चुका दिसतच नाहीत, काहींनी तो फुटवा मरतो. एखादी मात्र अशी असते की पेर आखूड होते किंवा पाते गडद होते. कोटी कोंभ, वर्षामागून वर्षे. अशी चूक कुठेतरी होणारच.

खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. एका कोंभात झालेला बदल हातभर रुंद ठिपका कसा होतो?

याचे उत्तर मोवरच्या, म्हणजे गवत कातरायच्या यंत्राच्या, पात्यात आहे. चाऱ्याच्या रानात बुटका फुटवा आला तर शेजारचे उंच गवत त्याच्यावर सावली धरते. हरळीला सावली अजिबात मानवत नाही, तो फुटवा तिथेच संपतो. ग्रीनवर मात्र पाते जमिनीपासून पाच मिलिमीटरच्या आसपास फिरते, तेही जवळजवळ रोज. उंच वाढणाऱ्याची पाने रोज छाटली जातात. बुटक्याची पाने पात्याच्या खाली राहतात. तो रोज थोडे अन्न जास्त तयार करतो, काशीत थोडा साठा जास्त ठेवतो, शेजारच्यापेक्षा बोटभर पुढे सरकतो. रोज जो माणूस ते यंत्र ढकलत होता तो नकळत बुटक्या गवताची निवड करत होता. बदल गवतात आपोआप झाला, पण त्याला वाढू दिले ते कातरायच्या उंचीने. तीच चूक कोस्टलच्या रानात झाली असती तर कुणाला कधी कळलीही नसती.

जे मैदान सांभाळतात त्यांना मी हे मुद्दाम सांगतो. कातरायची उंची बदलली की तुम्ही निवडीची कसोटीच बदलता. पाच मिलिमीटरवर जे गवत एकसारखे दिसत होते ते तीन मिलिमीटरवर आले की त्यातले लपलेले फरक उघडे पडतात.

भेसळ की बदल

ठिपका टिफ्टनला आला तेव्हा पहिला प्रश्न हाच होता. तो टिफग्रीनमध्येच झालेला बदल, की बाहेरून शिरलेली दुसरी हरळी? ग्रीनमध्ये साधी हरळी शिरणे रोजचेच आहे. वाळूतून येते, बुटाला चिकटून येते, जुन्या मैदानाची काशी खाली राहिलेली असते. साध्या हरळीचे बी पडून बारीक पातीचे रोपही उगवू शकते. नुसत्या रंगावरून निवाडा केला असता तर फसायला वेळ लागला नसता.

कसोटी गुणसूत्रांची. बाहेरची साधी हरळी असती तर 36 सापडली असती. या गवतात 27 होती आणि ते टिफग्रीनसारखेच वांझ होते. बाकीची सगळी ठेवण टिफग्रीनची, फक्त आटोपशीर. म्हणून बर्टन यांनी त्याला टिफग्रीनमध्ये झालेला कायिक बदल ठरवले. बियातून न येता वाढत्या कोंभातच झालेला.

तरी एक गोष्ट खटकते. दोन गावे, मधे मोठे अंतर, आणि ठिपके सारखेच. एकच चूक दोन जागी वेगवेगळी घडली असे मानणे अवघड. बर्टन यांचा तर्क असा, की बदल ग्रीनवर झालाच नाही. तो टिफ्टनमध्येच, चाचणीसाठी सुरुवातीचे बेणे पाठवण्याच्या आधी झाला आणि चांगल्या बेण्यात मिसळून दोन्ही ठिकाणी गेला. म्हणजे जे वाण एका झाडापासून आले असे सगळे समजत होते त्यात पहिल्या दिवसापासून दोन प्रकार होते. मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो. आपण मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा बियाण्याच्या पायऱ्या बांधतो, तपासण्या ठेवतो. पण बिघाड पहिल्या पायरीवर झालेला असेल तर खालची प्रत्येक तपासणी त्यालाच प्रमाण मानून पुढे जाते.

द्राक्ष बागायतदारांना यात नवे काही वाटणार नाही. तासगाव तालुक्यातल्या बोरगावात वसंतराव आर्वे यांना थॉम्सन सीडलेसमध्ये असाच वेगळा वेल दिसला आणि तास-ए-गणेश आले. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी थॉम्सनमधूनच लांब मण्यांचे सोनाका निवडले. दोन्हीकडे संकर कुणी केलेला नव्हता. एका फांदीवर वेगळे काही आले, ते कुणाला तरी दिसले आणि त्याने त्या फांदीची काडी राखून ठेवली. बागेत रोज फिरणाऱ्या माणसाच्या डोळ्याचे मोल पैदासकाराने कधी कमी लेखू नये.

वाट न पाहता

टिफड्वार्फने एक गोष्ट दाखवून दिली. वांझ वाणात पुढचा संकर करता येत नाही, पण बदल मिळवता येतो. मग आपोआप होईल म्हणून वाट का पाहायची? 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला टिफ्टनमध्ये या त्रिगुणित वाणांच्या सुप्त काशांवर गॅमा किरण सोडले गेले. त्यातून 158 बदललेली झाडे वेगळी काढता आली. आकडा मोठा दिसतो, पण त्यातली वाण म्हणून टिकली ती मोजकीच. 1980 च्या दशकात आलेली टिफवे-2 आणि टिफग्रीन-2 ही त्यांपैकी. पुढे टिफ्टनचेच पैदासकार वेन हॅना यांनी टिफवे-2 वर पुन्हा किरण सोडले, बारीक पातीची काही डझन झाडे निवडली आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीस टिफईगल दिले. ते 3 मिलिमीटरच्या आसपास रोज कातरले तरी दाट राहते.

किरणांना हवा तो गुण कळत नसतो. ते फक्त चुका वाढवतात. ज्या जागी दोन जनुकरूपे वेगळी आहेत तिथे प्रभावी रूप मोडले की दबलेले रूप वर येते. त्रिगुणित संकर दोन जातींपासून झालेला असल्याने त्यात असे दबलेले बरेच असते. बाकी सगळे निवडीवर. ती निवड कुंडीत होत नाही, ग्रीनवरच करावी लागते. रोज कातरून, तुडवून, थंडी-उन्हाळा काढून, काही वर्षे.

उलटी बाजू

आता तोट्याकडे. टिफड्वार्फ जिथून निघाले तिथून आणखी ठिपके निघत राहिले. त्यातले काही कामाचे ठरले. चॅम्पियनसारखी आणखी बुटकी वाणे टिफड्वार्फच्या ग्रीनवर सापडलेल्या ठिपक्यांतूनच आली. बहुतेक ठिपके मात्र नुसता ताप असतात. एक गडद, एक फिका, एक जाड पातीचा. ग्रीन गोधडीसारखे दिसू लागते आणि चेंडू प्रत्येक तुकड्यावर वेगळ्या वेगाने जातो. अलीकडे अशा ठिपक्यांची डीएनए तपासणी झाली आहे. डोळ्यांना ठळक वेगळे दिसणारे ठिपकेही जनुकीय पातळीवर टिफग्रीनच्याच घराण्यातले निघतात, फरक अगदी थोडा. वाढ रोखणारे औषध फवारले की हाच फरक आणखी उठून दिसतो, कारण काही ठिपके त्या औषधाला मूळ वाणापेक्षा वेगळा प्रतिसाद देतात.

त्याहून गंभीर गोष्ट पायाची. टिफग्रीन, टिफड्वार्फ, त्यातून निघालेली सगळी बुटकी वाणे. नावे अनेक, झाड मुळात एक. एखादी कीड किंवा रोग त्या एका झाडाला भारी पडला तर सगळ्यांनाच भारी पडतो. चूक वरवरचा गुण बदलते. नवे रक्त आणत नाही.

हा धोका भारताने फार जवळून पाहिला आहे, आणि त्यातही बर्टन यांचेच नाव येते. हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल, पण आपल्या संकरित बाजरीची सुरुवात टिफ्टनमधून झाली. टिफ्ट 23ए ही नर-वंध्य, म्हणजे स्वतःचे कामाचे परागकण नसलेली, वाणमाता बर्टन यांची. ती वापरून लुधियानात दिलबागसिंग अठवाल यांनी 1965 मध्ये एचबी-1 हा बाजरीचा पहिला संकर दिला. कोरडवाहू रानात उत्पादन झपाट्याने वाढले. त्यामागोमाग आलेल्या संकरांतही आई तीच होती. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी रोगाची साथ आली आणि ती आई त्याला बळी पडणारी निघाली. कणसाच्या जागी हिरव्या पानांचा गुंता, दाणा नाही. ज्यांनी त्या सालात बाजरी पेरली होती ते अजून त्याबद्दल बोलतात. मी हे बर्टन यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्या बाजरीने लाखो घरांत भाकरी पोचवली. पण एकच झाड किती दूरवर पसरवावे, हा प्रश्न हिरवळीत जसा आहे तसाच भाकरीत आहे. हिरवळीत चेंडू अडखळतो, भाकरीत घर अडखळते.

टिफ्टनच्या पुढच्या कामात याची जाण दिसते. हॅना यांनी पुन्हा दोन्ही पालक जातींकडे जाऊन नवे संकर केले, वीस हजारांहून जास्त रोपे. त्यातून निवडता निवडता टिफटफ हे पाण्याचा ताण सोसणारे वाण आले. ते टिफग्रीनच्या ठिपक्यातून निघणे शक्य नव्हते, त्यासाठी नव्या बीजाचीच गरज होती.

दोन कुंड्या

गेल्या वर्षी आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका मैदानावर मला बोलावले. टिफड्वार्फ म्हणून आलेले बेणे लावून दीड वर्ष झाले होते आणि ताटाएवढे सात-आठ ठिपके उठले होते. लावणारा ठेकेदार म्हणाला, “सर, हे म्युटेशन आहे, माझा दोष नाही.” समितीचे लोक म्हणाले, “भेसळ आहे, पैसे परत द्या.” दोघांचे शब्द बरोबर असू शकत होते.

मी ठिपक्यांभोवती चुन्याची रेघ मारायला सांगितली. काहीही उपटायचे नाही. एका ठिपक्यातले एकच पेर आणि शेजारच्या चांगल्या गवतातले एकच पेर घेतले आणि घरी दोन सारख्या कुंड्यांत, सारख्या मातीत लावले. न कातरता वाढू दिले. सहा आठवड्यांत फरक उघड झाला. ठिपक्यातल्या झाडाची पेरे दुप्पट लांब, पाते राठ. म्हणजे मैदानावर ते बुटके दिसत होते ते केवळ मोवरमुळे. मग फुलोरा आला, कोंबडीच्या पायासारखा, चार बोटांचा. सकाळी सातच्या सुमारास त्याच्याखाली काळा कागद धरून टिचकी मारली. कागदावर पिवळी धूळ पडली. त्रिगुणित झाडाचे परागकोश असे मोकळे होत नाहीत.

ती साधी हरळी होती. बेण्यात आली की जुन्या जमिनीतली काशी राहिली, हे कुंडीवरून सांगता येत नाही, आणि तसे मी दोघांनाही लिहून दिले. बाकीच्या ठिपक्यांचीही अशीच कुंडीत परीक्षा घेतली. आठपैकी सात ठिपक्यांचा असाच निकाल लागला. आठव्याची कुंडी अजून गच्चीवर आहे. त्याची पेरे टिफड्वार्फच्या कुंडीपेक्षाही आखूड आहेत, डिसेंबरात पाती जांभळी झाली होती, आणि काळ्या कागदावर आजवर काही पडलेले नाही. गुणसूत्रे मोजण्यासाठी मुळांची टोके पुढच्या आठवड्यात विद्यापीठातल्या एका सहकाऱ्याकडे देणार आहे. मैदानावरच्या त्या एका ठिपक्याची चुन्याची रेघ पावसाने धुऊन जाते, ती तिथला माळी दर वेळी नव्याने मारतो.